तेरेखोलचा किल्ला, लईराईच्या बहिणी आणि सांगणारा माणूस

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतुकीसाठी खुला झाला. तेव्हापासून विमानाने गोव्यात येणारे असंख्य पाहुणे पहिले पाऊल ठेवतात ते पेडणे तालुक्यात. बहुतेकांना याची जाणीव नसते. टॅक्सी दक्षिणेकडे वळते, कोलवाळचा पूल मागे पडतो आणि आता गोवा सुरू झाला असे त्यांना वाटते. जे पेडण्यातच राहतात तेही मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर. पट्टीच्या उत्तर टोकाला तेरेखोलचा किल्ला आहे. तेथे छायाचित्र काढून सहल पूर्ण होते. पूर्वेकडच्या डिचोलीत तर मये तलावापलीकडे काही पाहण्यासारखे आहे, याची गंधवार्ताही अनेकांना नसते.

हे चित्र हळूहळू बदलते आहे. मार्गदर्शकाला सोबत घेऊन गाव, गड, देऊळ आणि त्यांच्याभोवतीच्या कथा समजून घेण्याच्या सहलींना मागणी येऊ लागली आहे. अशा सहलींतून नेमके काय सांगितले जाते आणि कोण सांगतो, हा प्रश्न म्हणूनच आता गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा झाला आहे. पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके त्याची उत्तम कसोटी ठरावेत, कारण येथे कागदोपत्री इतिहास आणि लोककथा एकमेकांना इतक्या लगटून उभ्या आहेत की, एकीचा हात सोडला तर दुसरी समजत नाही. आणि दोघींची गल्लत केली तर दोन्ही बिघडतात.

प्रारंभ तेरेखोलपासून करणे सोयीचे. गोव्याच्या नकाशावर हा भाग पाहिला की, पहिला प्रश्न पडतो तो भूगोलाचा. तेरेखोल नदी ही गोव्याची उत्तर सीमा. मग नदीच्या पलीकडचा, म्हणजे उत्तर तीरावरचा, हा एवढासा तुकडा गोव्यात कसा? एका बाजूला नदीचे मुख, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि पाठीशी सिंधुदुर्ग जिल्हा अशी या भूशिराची स्थिती आहे. केरीहून फेरीबोटीने गेले तर काही मिनिटांत पैलतीर गाठता येतो. रस्त्याने जायचे तर महाराष्ट्रातून वळसा घ्यावा लागतो.

याचे उत्तर अठराव्या शतकात आहे. किल्ला बांधला तो सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी, सतराव्या शतकात. नदीमुखावर उभे राहिले की, त्यामागचा हेतू सांगावा लागत नाही. आत येणारे प्रत्येक तारू येथून दिसते आणि भोसल्यांच्या आरमाराला नदीच्या मुखात आसरा मिळत असे. नोव्हेंबर १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हिसेरेई दों पेद्रू मिगेल द आल्मेदा याने हा किल्ला घेतला. पेडणे महाल पोर्तुगीजांच्या हाती कायमचा आला तो त्यानंतर तब्बल ४२ वर्षांनी, १७८८ साली. मुलखाआधी किल्ला आला. नदीच्या मुखावरची ही चौकी पोर्तुगीजांनी पुढे सोडली नाही आणि म्हणूनच पलीकडचा तो तुकडा आजही गोव्यात आहे.

या व्हिसेरेईची आणखी एक खूण पेडण्यात आहे आणि ती तेरेखोलपेक्षाही रंजक आहे. तिळारीच्या खोऱ्यातून येणारी नदी खाली शापोरा म्हणून समुद्राला मिळते. तिच्या काठावर हळर्ण गाव आणि गावाचा किल्ला आहे. मे १७४६ मध्ये, म्हणजे तेरेखोलच्या काही महिने आधी, दों पेद्रूने हळर्ण घेतले. पोर्तुगीज उच्चारात हळर्णचे ‘आलोर्ना’ झाले आणि या विजयाप्रीत्यर्थ त्याला पुढे ‘आलोर्नाचा मार्केस’ हा किताब मिळाला. पेडण्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने लिस्बनच्या एका सरदार घराण्याला चिकटले. त्याची नात दोना लिओनोर (१७५० ते १८३९) ही पोर्तुगीज साहित्यात ‘मार्केझा द आलोर्ना’ म्हणूनच ओळखली जाते. राजावरील हल्ल्याच्या प्रकरणात तिच्या कुटुंबावर संशय आला आणि बालपणापासूनची सुमारे १८ वर्षे तिला लिस्बनजवळच्या शेलाशच्या मठात काढावी लागली. तेथेच तिने काव्यलेखन केले. पोर्तुगालमध्ये शाळकरी मुले जिचे नाव शिकतात, त्या कवयित्रीच्या नावात हळर्ण आहे. हळर्णच्या किल्ल्यात नेणाऱ्या मार्गदर्शकाने एवढे जरी सांगितले तरी त्या पडक्या तटाकडे पाहण्याची दृष्टी पालटेल.

तेरेखोलच्या किल्ल्याच्या आत छोटे चर्च आहे. किल्ल्याचे बराच काळ हॉटेल झाले होते आणि बाहेरच्या पाहुण्यांना तो आजही प्रामुख्याने ‘सूर्यास्ताची जागा’ म्हणून ठाऊक आहे. वास्तविक या भिंतींनी दोन बंडे पाहिली आहेत. पहिले बेर्नार्द पेरिश द सिल्व्ह यांच्या नावाशी निगडित आहे. तिसवाडीतील नेवऱ्यात जन्मलेले हे गृहस्थ पोर्तुगीज संसदेत गोव्याचे प्रतिनिधी होते. लिस्बनमध्ये उदारमतवाद्यांची सरशी झाल्यावर त्यांची गोव्याच्या सर्वोच्च पदावर नेमणूक झाली. पोर्तुगीज राजवटीच्या साडेचार शतकांत हा मान मिळालेले ते एकमेव गोमंतकीय. १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे घेतली आणि अवघ्या १७ दिवसांत लष्करी बंडाने त्यांना पदच्युत केले. पुढच्या धामधुमीत त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या तेरेखोलच्या शिबंदीची कत्तल झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अनेक माहितीपत्रकांतून आणि प्रवासवर्णनांतून तेरेखोलच्या या बंडाचे साल १८२५ असे छापले जाते. एकाने लिहिले, दुसऱ्याने उचलले आणि मार्गदर्शकांच्या तोंडी तेच बसले. १८२५ साली पेरिश द सिल्व्ह गोव्याचे प्रमुख नव्हतेच. त्यांच्या नेमणुकीच्या तारखेकडे पाहिले असते तर ही चूक टळली असती. चूक दहा वर्षांची असली तरी क्षुल्लक नव्हे, कारण त्या दहा वर्षांत पोर्तुगालमध्ये भावाभावांचे यादवी युद्ध होऊन गेले. ते वगळले तर गोव्यातल्या माणसाला हे पद का मिळाले आणि ते का हिसकावले गेले, याचा उलगडाच होत नाही.

दुसरे बंड निःशस्त्र होते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोमंतकीय सत्याग्रहींच्या तुकड्या तीन दिशांनी पोर्तुगीज हद्दीत शिरल्या. त्यांपैकी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालील तुकडी तेरेखोलला आली, तिने किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि नंतर अटक पत्करली. गोवा मुक्त होण्यास अजून सात वर्षे अवकाश होता. भोसल्यांचा किल्ला, पोर्तुगीज तट, आतले चर्च आणि त्यावर काही काळ फडकलेला तिरंगा, एवढे सारे या लहानशा वास्तूत सामावले आहे. सूर्यास्त पाहायला अर्थातच हरकत नाही.

समुद्रात घुसलेली भूशिरे, त्यांवरील पडके गड आणि त्यांच्या कथा यांवर पर्यटन उभे करण्याचा विचार निघतो तेव्हा आयर्लंडचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. त्या देशाचा नैर्ऋत्य किनारा हाताच्या बोटांसारखा अटलांटिकमध्ये शिरला आहे. डिंगल, आयव्हरा, बेआरा ही त्या बोटांची नावे. बेआरावर समुद्राकडे तोंड केलेला एक खडक आहे. ती ‘बेआराची म्हातारी’. सागरदेव मनानान हा तिचा पती आणि त्याची वाट पाहता पाहता ती दगड झाली, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. येणारे-जाणारे तिच्यापाशी नाणी, शिंपले ठेवतात. डिंगलच्या टोकासमोरील ग्रेट ब्लास्केट बेटावरून १९५३ मध्ये शेवटचे रहिवासी मुख्य भूमीवर हलवले गेले. आज त्या ओस घरांतून पाहुण्यांना हिंडवले जाते.

परंतु आयर्लंडकडून शिकण्यासारखे आहे ते सहलींच्या पूर्वीचे काम. १९३५ मध्ये तेथे लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील सुमारे ५० हजार मुलांना आपल्या आजी-आजोबांकडून, शेजाऱ्यांकडून कथा, समजुती, औषधे, खेळ, गावातील जागांची नावे लिहून आणायला सांगितले गेले. त्यातून लाखो पानांचा संग्रह उभा राहिला. आज तेथील मार्गदर्शकाला एखाद्या खडकाची गोष्ट सांगायची असेल तर ती कोणत्या गावच्या कोणत्या शाळेत नोंदली गेली, हे त्याला दाखवता येते. कथा ही कथाच राहते, पण ती कोणाची आहे हे हरवत नाही.

गोव्यातही लोकसंस्कृतीच्या अभ्यासाची परंपरा आहे. विनायक खेडेकर यांचा ‘लोकसरिता’ हा ग्रंथ तर मराठीतच आहे. उणीव आहे ती अशा अभ्यासाची आणि सहलीतल्या मार्गदर्शकाची गाठ पडण्याची. सात बहिणींच्या कथेइतके ते दुसरीकडे कोठे जाणवत नाही. ही कथा डिचोलीत सुरू होते आणि पेडण्याच्या समुद्रावर पोहोचते. एका सहलीचा मार्ग तिने केव्हाच आखून ठेवला आहे.

कथा थोडक्यात अशी. सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ घाटावरून खाली उतरून डिचोलीच्या मुलखात आले. भाऊ खेतोबा याला विस्तव आणायला पाठवले. तो वाटेत मुलांच्या खेळात रमला आणि त्याला उशीर झाला. संतापलेल्या लईराईने त्याला लाथ मारली. मग तिला पश्चात्ताप झाला आणि प्रायश्चित्त म्हणून तिने अग्नीतून चालण्याचे पत्करले. दुसरीने डोक्यावर जळता भार घेतला, तिसरी आणखी कोठे गेली, अशी एकेकीची वाट निघाली. लईराई शिरगावात राहिली, केळबाय मुळगावात, महामाया मयेत. मोरजाई पश्चिमेकडे समुद्रापर्यंत गेली आणि मोरजीत स्थिरावली. एक अंजदीव बेटावर गेली, एक पाताळात गडप झाली. मिराबाय म्हापशाला गेली आणि ख्रिस्ती झाली. तीच मिलाग्रीस सायबीण. खेतोबाचे स्थान वायंगिणीला. कथेचे पाठ गावागणिक बदलतात. कोठे लाथेचे कारण वेगळे, कोठे बहिणींची नावे वेगळी. मुळगावात ऐकलेली गोष्ट शिरगावात तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये, आणि मार्गदर्शकाने ती जुळवूनही देऊ नये.

या कथेत इतिहास शोधायचा तर तो भावंडांच्या प्रवासात नव्हे, नात्यांच्या जाळ्यात सापडतो. गावागावांच्या देवतांना बहिणी मानणे म्हणजे त्या गावांनी आपसातील मानपान, जत्रांचे क्रम, देणीघेणी यांना दिलेले कौटुंबिक रूप. या दृष्टीने मिराबायचा प्रसंग विशेष बोलका आहे. बार्देश पोर्तुगीजांकडे गेला तो सोळाव्या शतकात, १५४३ साली. तेथे देवळे पाडली गेली आणि मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले. लगतचा डिचोली महाल मात्र आणखी सुमारे अडीचशे वर्षे त्यांच्या सत्तेबाहेर होता. सीमेच्या अलीकडच्या गावांनी पलीकडे गेलेल्या बहिणीला कथेतून काढून टाकले नाही. ती ख्रिस्ती झाली असे म्हटले आणि बहीण म्हणून ठेवली. ईस्टरनंतर सुमारे पंधरा दिवसांनी म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त भरते, त्यात हिंदू भाविकांची रीघ असते. शिरगावची लईराई आणि म्हापशाची सायबीण यांच्यात तेल आणि मोगऱ्याच्या फुलांची देवाणघेवाण चालत आली आहे.

कोणता महाल केव्हा पोर्तुगीजांकडे गेला, या एका गोष्टीने बरेच काही उलगडते. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात जे झाले ते डिचोली, सत्तरी आणि पेडण्यात झाले नाही. हे महाल १७८१ ते १७८८ या काळात भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आले, तोवर धर्मप्रसाराचा पूर्वीचा आवेश ओसरला होता आणि येथील लोकांच्या चालीरीती, देवस्थाने यांना हात न लावण्याचे धोरण होते. म्हणून या भागात लोकदैवते, त्यांचे उत्सव आणि त्यांच्या कथा आपापल्या मूळ जागी टिकल्या.

काही दैवते तर आश्रयाला इकडे आली. नार्व्याचे सप्तकोटेश्वर देवस्थान याचा ठळक दाखला होय. कदंब राजांचे हे आराध्यदैवत. ‘सप्तकोटीश्वर-लब्ध-वरप्रसाद’ असे बिरुद ते लावत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपार डिचोली महालात आणले गेले. ते मधल्या काळात विहिरीच्या रहाटासाठी वापरले जात होते, असे परंपरा सांगते. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६८ मध्ये येथील देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. तशी नोंद करणारा शिलालेख देवळात आहे. राज्य सरकारने केलेल्या जीर्णोद्धारानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. दिवाडीहून नार्व्याला आजही फेरीबोट आहे. सहलीचे वाहन रस्त्याने न नेता या फेरीबोटीने नेले तर देव ज्या पाण्यावरून आला तेच पाणी पाहुण्यांना ओलांडता येते. यासाठी कोणताही प्रकल्प उभारावा लागत नाही.

डिचोली शहराजवळच्या नमाझगाहची कथा शहजादा अकबराशी जोडली जाते. औरंगजेबाचा हा बंडखोर मुलगा संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता आणि काही काळ डिचोलीत राहिला होता, एवढे इतिहासाला ठाऊक आहे. हरवळ्याची गुंफा आणि धबधबा, लामगावच्या गुंफा ही ठिकाणेही याच टापूत येतात. हरवळ्याच्या गुंफा पांडवांनी एका रात्रीत खोदल्या, ही गोष्ट कोकणातील अनेक लेण्यांबद्दल सांगितली जाते. ती ऐकून पुढे जावे.

शिरगावाबद्दल मात्र थांबून बोलणे भाग आहे. लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला भरते. देवीला मूर्ती नाही. ती कलशरूपात पुजली जाते. व्रतस्थ भक्तांना ‘धोंड’ म्हणतात. हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या कळ्यांचे हार अशा वेषात हजारो धोंड तळीवर स्नान करून देवळाशी येतात आणि रात्री होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. त्याआधी कित्येक दिवस त्यांनी सोवळे पाळलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ थरार वाटतो आणि जाहिरातींत तो तसाच विकला जातो. मे २०२५ मध्ये याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचा बळी गेला. त्या अरुंद वाटांवर जत्रेच्या रात्री आणखी प्रेक्षक आणून सोडणे हे कोणत्याही जबाबदार सहल-आयोजकाचे काम नव्हे. शिरगावला जावे ते एरवीच्या दिवशी. तेव्हा तळी शांत असते, देवळात बोलायला माणसे भेटतात, अग्निदिव्याची जागा पायाखालून पाहता येते आणि लाथ मारल्याबद्दल देवीने स्वतःला शिक्षा करून घेतल्याची ती विलक्षण गोष्ट नीट ऐकता येते. गोमंतकातील लोकदैवतांत चुकणारी आणि चुकीची भरपाई दरवर्षी करणारी ही देवी आहे. गर्दीत ते कानावर पडत नाही.

या गोष्टीची जमीन मात्र शांत नाही. शिरगाव, मये, मुळगाव ही तिन्ही बहिणींची गावे लोहखनिजाच्या पट्ट्यात आहेत. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातील खाणी न्यायालयीन आदेशांनी थांबल्या. त्यानंतर लिलाव झालेल्या डिचोलीच्या खनिज ब्लॉकमध्ये ही गावे येतात. घरे, देवळे, शेते आणि तळी या क्षेत्रातून वगळावीत, अशी मागणी ग्रामस्थ सातत्याने करत आले आहेत. खाणींवर अनेकांची चूल पेटते, हेही तितकेच खरे. हा वाद येथे निकालात काढता येणार नाही. पण सहलीच्या दृष्टीने एक बाब निर्विवाद आहे. लोककथा हवेत राहत नाही. ती तळीला, वाटेला, विशिष्ट झाडाला, डोंगराच्या कडेला धरून असते. आयर्लंडच्या मुलांनी जागांची नावे लिहून ठेवली ती यासाठीच. लईराईच्या तळीचे पाणी आटले तर धोंडांनी स्नान कोठे करायचे, हा प्रश्न भक्तीचा आहे तसाच कथेचाही.

मोरजाईचा माग काढत पेडण्याच्या किनाऱ्यावर आले की, वेगळीच अडचण समोर येते. मोरजीचे नाव जगभर पोहोचले ते ऑलिव्ह रिडले कासवांच्या वीणस्थळामुळे आणि किनाऱ्यावरील शॅकमुळे. देवीचे देऊळ गावात आहे आणि गावाचे नाव देवीच्या नावाशी जडलेले आहे, हे किनाऱ्यावर आठवडाभर राहिलेल्या पाहुण्याला ठाऊक असेलच असे नाही. शिरगावहून निघालेली सहल येथे आली तर मोरजी म्हणजे फक्त वाळू राहत नाही. डोंगरातून आलेल्या एका मुलीचे ते सासर-माहेराइतके जवळचे ठिकाण होते.

हरमलच्या भूशिराची मान्यता याहून पुरातन. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, ही कथा सह्याद्रिखंडामुळे सर्वपरिचित आहे. त्याने यज्ञ केला तो हरमलच्या परिसरात, अशी पेडण्यातील लोकमान्यता आहे आणि तेथील फिकट मातीला यज्ञाची राख मानले जाते. कथेमागे खरा समुद्र मागे हटल्याची आठवण आहे काय, यावर वाटेल तेवढे तर्क लढवता येतात आणि मार्गदर्शकांना तो मोह होतोही. तो आवरणे बरे. डोंगराच्या पायथ्याशी समुद्राला अगदी लागून गोड्या पाण्याचे तळे आहे. खाऱ्या पाण्याशेजारी गोडे पाणी पाहून माणसाला गोष्ट सुचावी, यात नवल ते काय!

तेरेखोलच्या समोर, अलीकडच्या तीरावर केरी. येथील देव आजोबा. त्याला दुसरे भारदस्त नाव नाही. गावाने आपल्या राखणदाराला आजोबा म्हटले आणि त्याला गाऱ्हाणे घातले. बेआराची म्हातारी तिकडे समुद्राची वाट पाहते, केरीचा आजोबा इकडे नदीमुखावर गाव राखतो. दोन्ही कथांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तुफानी समुद्राच्या काठी राहणाऱ्या माणसांना घरातल्या वडीलधाऱ्याची आठवण व्हावी, हे दोन्हीकडे सारखेच. आजोबाच्या देवळातून निघून फेरीबोटीने तेरेखोलला जाणे हा या सहलीचा स्वाभाविक क्रम. एका तीरावर गावाने नेमलेला राखणदार, दुसऱ्या तीरावर राजाने बांधलेला. पावसाळ्यात फेरीबोटीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. किल्ला सकाळी पाहावा, गर्दी संध्याकाळी होते.

आता हे सारे सांगायचे कोणी? गोव्यात पर्यटक मार्गदर्शकाला ‘गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा, १९८२’ अन्वये नोंदणी करावी लागते. त्यातून कायदेशीरपणा येतो. गावची ओळख येत नाही. बसमध्ये ध्वनिक्षेपक घेऊन बसलेला मार्गदर्शक पणजीपासून पाळोळ्यापर्यंत सर्व काही एकाच दमात सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडी १८२५ सारखे साल बसते. पेडण्याची सहल पेडण्याच्या माणसाने आणि डिचोलीची डिचोलीच्या माणसाने सांगितली तर फरक पडेल. शिरगावचा माणूस लईराईबद्दल बोलताना आवाज खाली आणतो. तो बदल पाहुण्याला भाषा कळत नसली तरी कळतो. देवळात कोठवर जायचे, कशाचे छायाचित्र घ्यायचे नाही, हे त्याला विचारावे लागत नाही. शिवाय सहलीचा पैसा गावात राहतो.

स्थानिक असणे पुरेसे मात्र नाही. गावच्या माणसाला गावची कथा हाच इतिहास वाटण्याचा संभव अधिक. ‘कागद एवढे सांगतो’ आणि ‘आमचे म्हालगडे असे सांगतात’ ही दोन वाक्ये वेगवेगळी उच्चारण्याची सवय त्याला लावावी लागेल. पहिल्या वाक्यासाठी पणजीच्या पुराभिलेखागाराचे दार उघडे आहे. दुसऱ्यासाठी दोन्ही तालुक्यांतल्या शाळांतील मुलांना एका उन्हाळी सुटीत वही घेऊन आजीकडे पाठवले तरी काम सुरू होईल. आयर्लंडने ते केले तेव्हा तो आजच्यासारखा श्रीमंत देश नव्हता. ज्या आज्या सात बहिणींची गोष्ट तीन-तीन पाठांसह सांगू शकतात, त्यांची संख्या मात्र दरवर्षी घटते आहे.

सहलीला रात्रीचा मुक्काम जोडायचा असेल तर तो पेडण्यात, कोजागिरीला. त्या रात्री रवळनाथाच्या देवळाशी पेडण्याची पुनव भरते. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे असते. ते बांधून होत नाही. रागावलेला भूतनाथ रानाकडे धाव घेतो, लोक त्याच्या मागे धावतात, देऊळ बांधून देतो म्हणून त्याची समजूत घालतात आणि त्याला परत आणतात. पहाट होते, देऊळ झालेले नसते आणि पुढच्या कोजागिरीला भूतनाथ पुन्हा तेच मागतो.